पायऱ्यांवरची अंधारी आणि पुढच्या महिन्यातलं मेडिकल

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय ६७. गेली ३१ वर्षं हौस म्हणून विमान चालवतो. एका इंजिनाचं, चार आसनी सेसना १७२. खाजगी वैमानिकाचा परवाना आहे, कधी कुणाकडून पैसे घेऊन उडलो नाही. पुढच्या महिन्यात मेडिकलची, म्हणजे उडायला तंदुरुस्त असल्याच्या सर्टिफिकेटची, मुदत संपते.

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी झोपून उठलो, उठल्या उठल्या जिना चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून उभा राहिलो. दहा-पंधरा सेकंदांत सगळं पूर्ववत. पडलो नाही, शुद्ध गेली नाही. कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. बीपीची गोळी सात वर्षं चालू आहे. दीड महिन्यापूर्वी प्रोस्टेटसाठी एक गोळी वाढवली. कधी झोप लागली नाही तर रात्री सर्दीची गोळी घेतो, तिने छान गुंगी येते.

क्लबातला एक मित्र म्हणतो, फॉर्मवर असलं काही लिहायचं नसतं, लिहिलंस की संपलास. दुसरा म्हणतो, मोठ्या मेडिकलच्या भानगडीत पडूच नकोस, आता हलक्या वाटा निघाल्यात. मुलगी म्हणते, ६५ नंतर कायद्यानेच बंदी आहे. बायको काहीच म्हणत नाही. फक्त मागच्या खेपेला बरोबर होती तेव्हा उतरल्यावर म्हणाली, "कंट्रोल टॉवरला तीनदा परत बोलायला लावलंस."

लिहू की नको?

– अजून न उतरलेला

ता. क. : उन्हासाठी नवा पोलराइज्ड गॉगल घेतलाय. चालेल ना?

उत्तर

नमस्कार.

लिहा. पण फॉर्मवर लिहिण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. आणि त्यांची वेळ मिळेपर्यंत विमानाची किल्ली खुंटीला लावून ठेवा, आजपासून. क्रम हाच ठेवा. तुमचे दोन्ही मित्र नेमकी याच क्रमात गफलत करतायत.

सर्टिफिकेट पुढच्या महिन्यापर्यंत चालतंय, मग तोवर उडायला काय हरकत, असं तुमच्या मनात येणार. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बऱ्याच जणांनी हा युक्तिवाद केला आहे. त्या कागदाचा अर्थ तेवढा नसतो. तपासणीच्या दिवशी तुम्ही बरे होतात, इतकंच तो सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे आयकाओ, तिच्या परवान्यांबद्दलच्या नियमांत स्पष्ट आहे की प्रकृती ढासळल्याची जाणीव असेल तर परवान्याचे अधिकार वापरायचे नाहीत. अमेरिकेचा नियमही हेच म्हणतो. म्हणजे त्या पाचव्या पायरीवर तुमचं मेडिकल तात्पुरतं थांबलंच आहे. ते तुमच्याखेरीज कुणाला माहीत नाही, एवढंच.

आता त्या अंधारीकडे वळू. आपण मराठीत 'चक्कर' या एका शब्दात चार वेगवेगळे आजार कोंबतो. घर गरगर फिरतं ती चक्कर, चालताना तोल जातो ती चक्कर, डोकं हलकं होतं तीही चक्कर. त्यामुळे पेशंट आला की पहिली दहा मिनिटं नुसती कुठली चक्कर हे ओळखण्यात जातात. तुम्ही मात्र 'डोळ्यांपुढे अंधारी' असं लिहिलंत, शिवाय झोपून उठल्यावर लगेच, जिन्यावर, हेही लिहिलंत. घर फिरलं असतं तर मी आधी कानाकडे बोट दाखवलं असतं. अंधारी म्हणजे क्षणभर मेंदूकडे रक्त कमी पोहोचलं.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीत दाब मोजणारी व्यवस्था आहे, ती हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना लगेच हुकूम देते आणि दाब सावरतो. विशीत हे इतकं झटपट होतं की कळतही नाही. साठीनंतर हुकूम पोहोचायला उशीर होतो. त्यात तुमच्याकडे बीपीची गोळी आहे, आणि दीड महिन्यापूर्वी प्रोस्टेटची आली. प्रोस्टेटसाठी सहसा ज्या गटातली गोळी पहिल्यांदा देतात, ती मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते. तिचा थोडा परिणाम रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरही होतो. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आल्या की उठताना दाब सावरायला कुणी उरत नाही.

माझा संशय इथे आहे. तरी संशयावर थांबू नका, मोजा. घरी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन असेलच. पाच मिनिटं आडवे पडा आणि मोजा. मग उभे राहा, एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना दाब पडतोय हे पक्कं. सकाळी गोळ्यांआधी एकदा, गोळ्यांनंतर दोन तासांनी एकदा, दुपारच्या झोपेनंतर एकदा, असं आठवडाभर वहीत लिहा. पहिल्या एक-दोन वेळी शेजारी कुणीतरी उभं असू द्या. म्हणजे बायकोला सांगावं लागेल. सांगा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. प्रोस्टेटची बंद केलीत तर लघवी अडू शकते, बीपीची बंद केलीत तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

डॉक्टर ईसीजी काढतील, चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावतील, साखर आणि हिमोग्लोबिन बघतील. ठोके मध्येच चुकतायत का, हे होल्टरशिवाय कळत नाही, आणि गोळीवर खापर फोडण्याआधी ते कळायलाच हवं. मला मनापासून वाटतं की तुमचं गोळीपाशीच निघेल. गोळीची वेळ रात्रीची केली, मात्रा कमी केली किंवा गट बदलला की बहुतेकांचं भागतं. मात्र अंधारीबरोबर जीभ जड झाली असेल, एका हातातली ताकद गेली असेल, एका डोळ्यापुढे पडदा आला असेल किंवा छातीत धडधड झाली असेल, तर वही-मशीन राहू द्या, आजच्या आज हॉस्पिटल गाठा.

"विमानात तर मी बसलेलाच असतो, उठतो कुठे?" हा पुढचा प्रश्न. ६० अंश कलून सपाट वळण घेतलंत की शरीराचं वजन दुप्पट होतं, म्हणजे रक्ताचंही. ते पायांकडेच धावतं. खाजगी वैमानिक एवढं कलत नाही म्हणाल, पण समोर अचानक दुसरं विमान आलं की किती अंश कललो हे कुणी मोजत बसत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी वयस्क वैमानिक फॉर्मवर सोडा, मित्रालाही सांगत नाहीत. प्रोस्टेटमुळे सारखं जावं लागतं, विमानात सोय नसते, म्हणून उड्डाणाआधी पाणीच प्यायचं नाही. काचेखाली ऊन, दोन-अडीच तास, अंगातलं पाणी कमी, वर दाब उतरवणाऱ्या दोन गोळ्या. आकाशातली अंधारी बोलावून आणण्याची याहून सोपी युक्ती नाही. पाणी प्या आणि टप्पे लहान करा. तासाभरात उतरायला कुठल्याही लॉगबुकात कमीपणा नाही.

त्या सर्दीच्या गोळीबद्दल जरा रागानेच लिहितो. गुंगी आणणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्या झोपेसाठी नाहीतच. त्यातल्या डायफेनहायड्रामिनसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, एफएएने, शेवटच्या गोळीनंतर ६० तास थांबायला सांगितलंय. क्लोरफेनिरामिनसाठी पाच दिवस. सकाळी डोळे उघडले म्हणजे गोळी उतरली असं नसतं. आणि तुमच्या बाबतीत गंमत अशी की याच गोळ्यांनी मोठ्या प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते. म्हणजे रात्री एक गोळी दार लावते आणि सकाळी दुसरी तेच दार उघडायला धडपडते. ही सर्दीची गोळी सोडलीत तर कदाचित प्रोस्टेटची मात्राही कमी करता येईल. पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवा. 'ती काय, सर्दीची' म्हणून यादीतून वगळू नका.

आता फॉर्म. अमेरिकेच्या फॉर्मवर चक्कर किंवा भोवळ आली होती का, असा थेट प्रश्न आहे. गेल्या तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरांकडे गेलात, हेही विचारतात. खाली सही असते. तिथे जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिकडे फौजदारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. इतर देशांत शिक्षा वेगळी, पण सहीचा अर्थ तोच. आणि अपघातानंतर तपास करणारे लोक औषधांच्या दुकानाच्या पावत्यांपर्यंत जातात. त्या वेळी तुमच्या मित्राचा सल्ला कुणी साक्षीला बोलावत नाही.

पण शिक्षेच्या भीतीने लिहा असं मला म्हणायचं नाही. वैमानिकांचा परीक्षक डॉक्टर म्हणून मी टेबलाच्या पलीकडे बसतो, तिथून काय दिसतं ते सांगतो. दोन प्रकारचे लोक येतात. एक रिकाम्या हाताने येतो, फॉर्मवर 'हो' लिहितो आणि विचारलं की म्हणतो, "हो, आली होती एकदा, का ते माहीत नाही." माझे हात बांधले जातात, कारण न कळलेली भोवळ घेऊन कुणाला पास करायची मला मुभाच नाही. दुसरा येतो तो फाइल घेऊन. असे एक गृहस्थ मला आठवतात. ७१ वर्षांचे, गोष्ट जवळपास तुमचीच. आत आल्या आल्या त्यांनी शाळेच्या वहीचं पान पुढे केलं. तारीख, वेळ, आडवं असताना, उभं असताना, सगळं ओळीत. त्यामागे होल्टरचा अहवाल, त्यामागे त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी : कारण हे, औषध असं बदललं, सहा आठवड्यांत पुन्हा त्रास नाही. मला विचारायला फारसं उरलंच नव्हतं. त्यांची फाइल वर पाठवावी लागली, थोडा वेळ गेला, पण सर्टिफिकेट मिळालं. पहिल्या प्रकारच्या गृहस्थाला तीच कागदपत्रं नंतर गोळा करावी लागतात, आणि तोवर त्याच्या नावापुढे 'अपात्र' असा शिक्का बसलेला असतो.

तुमच्या हातात महिना आहे. तो पुरला नाही, मुदत उलटली, तर उलटू द्या. संपलेलं मेडिकल पुन्हा काढता येतं. नाकारलेल्याची कथा लांबते.

दुसऱ्या मित्राच्या 'हलक्या वाटां'बद्दल. त्या खऱ्या आहेत आणि अनेकांसाठी चांगल्या आहेत. तुम्ही कुठल्या देशाच्या परवान्यावर उडता ते लिहिलं नाहीत, म्हणून आधी मूळ सांगाडा. खाजगी वैमानिकाला लागतं ते वर्ग २ चं मेडिकल. आयकाओच्या हिशेबात ते ६० महिने चालतं, चाळिशी उलटली की २४ महिने, आणि पन्नाशीनंतर दर १२ महिन्यांनी करावं अशी शिफारस आहे. युरोपने ती शिफारस नियम म्हणूनच घेतली. अमेरिका तिसरा वर्ग म्हणते आणि चाळिशीनंतर सरसकट २४ महिने देते, मग तुम्ही ४१ चे असा की ८१ चे. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. नियम करणाऱ्यांना मराठी येत नसावं, पण वय त्यांनी अचूक धरलं.

अमेरिकेत २०१७ च्या मे महिन्यापासून बेसिकमेड नावाची सोय आहे. परीक्षक डॉक्टरऐवजी कुठलाही परवानाधारक डॉक्टर दर ४८ महिन्यांनी ठरावीक यादीप्रमाणे तपासतो आणि वैमानिक दर २४ महिन्यांनी एक ऑनलाइन अभ्यासक्रम करतो. विमान किती जड, माणसं किती, यांवर मर्यादा आहेत, पण सेसना १७२ त्यात आरामात बसतं. १८,००० फुटांच्या वर जायचं नाही आणि २५० नॉटपेक्षा जास्त वेगाने उडायचं नाही, या अटी तर तुमच्या विमानाला लागूच होत नाहीत, बिचारं तिथवर पोहोचतच नाही. छोट्या स्पोर्ट विमानांसाठी तिकडे मोटारीचं लायसन्सच पुरतं. ब्रिटनमध्ये स्वतःच प्रकृतीचं घोषणापत्र देण्याची पद्धत आहे, ऑस्ट्रेलियानेही २०२४ मध्ये तसा वर्ग काढला.

मग मित्र चुकतो कुठे? या वाटा पडताळणी तुमच्याकडे सोपवतात, आजार माफ करत नाहीत. बेसिकमेडमध्येही काही आजारांसाठी आधी एकदा एफएएची खास मंजुरी घ्यावीच लागते : हृदयविकाराचा झटका, झडप बदलणं, अपस्मार, आणि समाधानकारक वैद्यकीय कारण न सापडलेली शुद्ध हरपणं. तुमची शुद्ध हरपली नाही, ठीक. पण त्या ओळीतला जोर कशावर आहे बघा, 'कारण न सापडलेली'. कारण सापडलं की प्रश्न निम्मा होतो, कुठल्याही वाटेने जा. आणि अमेरिकेत एक खोच अशी आहे की शेवटचा मेडिकलचा अर्ज नाकारला गेला असेल तर मोटार लायसन्सची वाटही बंद होते. म्हणून तर म्हणतो, अर्धवट कागद घेऊन परीक्षकाच्या दारात जाऊ नका. कारण शोधा, बरे व्हा, मग तुमच्या देशात जी वाट खुली असेल ती खुशाल निवडा. लपायला जागा म्हणून मात्र निवडू नका.

मुलीला सांगा, ६५ ची अट प्रवासी आणि मालवाहतूक करणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांची आहे. आयकाओने ती २००६ मध्ये ६० वरून ६५ वर नेली. खाजगी वैमानिकाला वयाची वरची मर्यादा नाही. जे. आर. डी. टाटांनी कराची ते मुंबई हे १९३२ चं आपलं उड्डाण १९८२ मध्ये पुन्हा केलं, ७८ व्या वर्षी, एकट्याने. मुलीचं म्हणणं कायद्याला धरून नसलं तरी काळजीला धरून आहे, तेवढं लक्षात ठेवून सांगा.

डोळ्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. ६७ व्या वर्षी मला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटतं. वर्ग २ साठी चष्म्यासकट प्रत्येक डोळ्याने ६/१२ आणि दोन्ही मिळून ६/९ दिसलं की पास. उजेडाच्या खोलीत, काळी अक्षरं, पांढरा तक्ता. तुम्ही पास व्हाल. पण साठीतली बाहुली अंधारात पुरेशी उघडत नाही आणि भिंगही पिवळटलेलं असतं. विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश तुमच्या-माझ्या पडद्यावर पोहोचतो. सुरुवातीचा मोतीबिंदू असेल तर धावपट्टीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. हे तक्त्यावर कळत नाही. तेव्हा रात्रीचं उडणं सर्टिफिकेटवर शिल्लक असलं तरी आपणहून कमी करा. मी असतो तर बंदच केलं असतं, पण मी भित्रा समजला जातो.

आणि चष्मा बनवताना एक काम करा. आपल्या विमानात, आपल्या सीटवर, पट्टे बांधून बसा आणि नाकापासून पॅनेलपर्यंत टेपने मोजा. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरला बनतो आणि पॅनेल बहुधा त्याच्या पावणेदोनपट-दुप्पट अंतरावर असतं. ना दूरच्या नंबरात स्पष्ट, ना जवळच्या. मग माणूस हनुवटी वर करकरून उंचीचं मीटर वाचतो, आणि वळण घेताना हनुवटी वर-खाली करणं म्हणजे कानातल्या तोलाच्या यंत्रणेला गोंधळायचं आमंत्रण. मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहून नेत्रतज्ज्ञांना द्या. त्यांना कुणी असा आकडा आणून देत नाही, ते खूश होतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंच तर दूर-जवळ दोन्ही दिसणारं बहुकेंद्री भिंग घालण्याआधी वैमानिक आहात हे सांगा. तसं भिंग घातल्यावर एफएए तीन महिने थांबवते, साध्या भिंगाला तेवढी अट नाही. दुसरा चष्मा कायम जवळ ठेवा, तो नियमच आहे.

आता वहिनींचं ते एक वाक्य. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त माहिती त्याच वाक्याने दिली.

टॉवरला तीनदा परत बोलायला लावलंत, याची कारणं दोन असू शकतात. एक, ऐकू कमी येतंय. वयाचं बहिरेपण वरच्या सुरांपासून सुरू होतं. आवाज येतो, पण 'स', 'फ', 'थ' गळतात. त्यात इंजिनाची घरघर. मेडिकलमधली कानाची चाचणी अगदी साधी आहे : शांत खोलीत परीक्षकाकडे पाठ करून दोन मीटरवर उभं राहायचं आणि तो नेहमीच्या आवाजात बोलतो ते ऐकायचं. पाठ का, तर आपल्याही नकळत ओठ वाचतो म्हणून. ही चाचणी पास होणारा माणूस कॉकपिटमध्ये अडखळू शकतो. एक ऑडिओग्राम, म्हणजे कानाची यंत्रावरची तपासणी, करून घ्या आणि आवाज छाटणारा हेडसेट घ्या. श्रवणयंत्र लागलं तरी उडणं थांबत नाही.

दुसरं कारण, ऐकू येतं पण ठरत नाही. उंची, दिशा, रेडिओची वारंवारिता, तीन आकडे एका दमात आले की शेवटचा निसटतो. हे साठीत सगळ्यांचं होतं, माझंही. मांडीवर पॅड बांधा आणि ऐकता ऐकता लिहा. ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षं सिम्युलेटरवर दरवर्षी बसवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला वयस्क लोक तरुणांपेक्षा मागे होते, पण पुढच्या तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली. ज्यांच्याकडे वरच्या दर्जाचं प्रशिक्षण होतं ते सुरुवातीलाही पुढे होते आणि टिकलेही जास्त. इतका धीर देणारे आकडे मला या विषयात फारसे सापडत नाहीत. म्हणून नियमापुरती वाट न बघता दर सहा महिन्यांनी एका कडक प्रशिक्षकाबरोबर उडा. ओळखीचा, गोड बोलणारा नको. त्याला सांगा, मुद्दाम भराभर सूचना दे, मध्येच इंजिन बंद पडल्यासारखं कर, आणि मी काय विसरलो ते लिहून दे.

याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. बॉब हूवर हा अमेरिकेचा नावाजलेला कसरतपटू वैमानिक. सत्तरीत असताना, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, एका प्रदर्शनानंतर दोन निरीक्षकांना त्याची बुद्धी मंदावल्याची शंका आली आणि एफएएने त्याचं मेडिकल काढून घेतलं. तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांविरुद्ध गेले, ऑस्ट्रेलियाने त्याला उडू दिलं, वकील उभे राहिले, आणि १९९५ मध्ये मेडिकल परत मिळालं. बुद्धी मंदावली की नाही हे एका खोलीत, एका दुपारी ठरवणं किती अवघड आहे, ते या प्रकरणात दिसलं. तुमच्याकडे दर सहा महिन्यांची प्रशिक्षकाची टिपणं असतील, तर शंका कुणी घेतली तरी उत्तर कागदावर असेल. आणि टिपणांचा सूर वर्षागणिक उतरत गेला, तर ते सगळ्यांत आधी तुम्हालाच कळेल.

वहिनींना मात्र आजच सांगा. अंधारीबद्दल, गोळ्यांबद्दल, आणि आता महिना-दोन महिने उडणार नाही याबद्दल. शिवाय एक मागा : तीनदा परत बोलायला लावण्यासारखं आणखी काही दिसलं असेल तर ते सांगायला. त्या इतके दिवस गप्प आहेत म्हणजे यादी तयार असणार. ती यादी फाइलमध्ये लावू नका, पण माझ्यासारख्या कुणासमोर बसाल तेव्हा डोक्यात असू द्या.

आणि गॉगल. पोलराइज्ड नको. नव्या विमानांतली स्क्रीनची उपकरणं त्यातून एका कोनात काळी दिसतात, विंडशील्डवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात, आणि समोरून येणाऱ्या विमानाच्या पंखावरची चमक, जी बघून तुम्ही वळणार असता, तीच तो गॉगल खाऊन टाकतो. साधा करडा घ्या, तुमच्या नंबराचा. हा मोटारीत वापरा.